तोडीला निघण्याआधी मागे राहणाऱ्यांची सोय

बीड जिल्ह्यात दसरा आला की घराघरात ऊसतोडीची तयारी सुरू होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब, राहायच्या कोपीसाठी ताडपत्री, कोयत्यांना धार, पीठमीठ, लेकरांपैकी कोण बरोबर येणार आणि कोण शाळेसाठी मागे राहणार, हे सगळं ठरतं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर मधल्या काळात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच उरतात. मागे राहणाऱ्या आईबापाचे हे पाच-सहा महिने मनाने कसे जाणार, याचा विचार मात्र या तयारीत सहसा होत नाही. तो करता येतो, आणि कसा करायचा ते सांगण्यासाठी हा लेख आहे. तोडीला जाणाऱ्या मुला-सुनांनी तो वाचावा, पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी वाचावा, गावातल्या शेजाऱ्यांनी वाचावा आणि साठी ओलांडलेल्यांनी तर आवर्जून वाचावा.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. उतारवयातलं नैराश्य म्हणजे म्हातारपण नव्हे. तो आजार आहे, आणि त्यातून माणूस बाहेर येतो. रोजच्या सवयी नीट असतील तर तो बराच टाळताही येतो. पण या सवयी म्हाताऱ्या माणसाला नुसता उपदेश करून लागत नाहीत. घरच्यांनी आणि गावाने त्यांच्या दिवसाची घडी बसवून द्यावी लागते.

2017-18 साली देशभर झालेल्या 'लासी' या मोठ्या सर्वेक्षणात साठीपुढच्या माणसांना प्रश्न विचारून तपासलं, तेव्हा 8.3 टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. तपासलेल्या या सगळ्यांपैकी 'मला डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगितलं आहे' असं म्हणणारे होते फक्त 0.8 टक्के. दहापटीचा फरक. बाकीच्यांचं दुखणं घरात 'आता वय झालं' या शब्दांत गुंडाळून ठेवलेलं असतं.

ओळखायचं कसं

आपल्याकडची म्हातारी माणसं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, अंग मोडून आलंय, डोकं जड झालंय, काळजात धडधडतं, अन्न गोड लागत नाही, रातभर डोळा लागत नाही. कुणी बोलायचंच कमी करतं. कुणी चिडचिड करायला लागतं. रोज देवळात जाणारे आबा पायरी चढेनासे होतात, शेळ्यांवर जीव असलेली आजी त्यांच्याकडे बघेनाशी होते. 'मी आता कशाला उरले, तुमच्यावर ओझं' हे वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागतं.

असं रोज, दिवसातला बराचसा वेळ, सलग दोन आठवडे चाललं असेल तर ते वयाचं समजू नका, तपासून घ्या. जोडीदार गेल्यानंतरचं दुःख वेगळं असतं. ते लाटेसारखं येतं आणि ओसरतं, मधेच नातवाच्या बोलण्यावर हसूही येतं. नैराश्यात ते मधलं हसू आटतं. विसरभोळेपणानेही घरचे गोंधळतात. स्मृतिभ्रंशात माणसाला आपण विसरतो याची फारशी खंत नसते, नैराश्यातला माणूस मात्र 'मला काहीच आठवत नाही' अशी स्वतःच तक्रार करतो. हा ठोकताळा आहे, निदान डॉक्टरांनीच करायचं. कित्येकदा दोन्ही आजार एकाच माणसात असतात.

मनाचा विचार करताना शरीर विसरू नका. थायरॉइड मंदावणं, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणं, साखर वाढलेली असणं, यांपैकी कशानेही माणूस मलूल होतो. तेव्हा हंगामाआधी एकदा रक्त तपासून घ्या आणि रक्तदाब मोजून घ्या. कान आणि डोळे तर अगदी दुर्लक्षित. ज्याला नीट ऐकू येत नाही तो चारचौघांत बसायचं टाळतो, आणि मोतीबिंदू वाढलेली आजी संध्याकाळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. यातून आलेला एकटेपणा औषधाच्या गोळीने जाणार नाही, त्याला चष्मा, शस्त्रक्रिया किंवा श्रवणयंत्रच लागतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते. 65 वर्षांपुढच्या पात्र नागरिकांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 3,000 रुपये मिळण्याची तरतूद आहे.

बीडच्या बायकांबद्दल इथे वेगळं बोलायला हवं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या अनेकींची ही शस्त्रक्रिया पाळी जायच्या वयाच्या कितीतरी आधी झालेली. त्यातही अंडाशय काढलं असेल तर शरीरात अचानक उलथापालथ होते. हाडं लवकर ठिसूळ होतात, झोप उडते, आणि उदासीचा धोकाही वाढतो. या बायका आता उतारवयाकडे येत आहेत. तुमच्या आईची किंवा सासूची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना ते आपण होऊन सांगा. त्या स्वतः सांगणार नाहीत, आणि घाईच्या ओपीडीत कुणी विचारेल याची खात्री नाही.

गोव्यात काय केलं

सवयी सुधारून नैराश्य टळतं का? ब्रिटनमध्ये 2 लाख 87 हजारांहून अधिक लोकांची माहिती अनेक वर्षं तपासून 2023 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरेशी झोप, धूम्रपान न करणं, माणसांत मिसळणं, हालचाल, बैठेपणा कमी ठेवणं, दारूवर ताबा आणि चांगला आहार, अशा सात सवयींपैकी बहुतेक पाळणाऱ्यांत नैराश्याचा धोका 57 टक्क्यांनी कमी दिसला. सगळ्यांत मोठा वाटा झोपेचा होता, माणसांत मिसळण्याचाही मोठा होता, आणि आहाराचा सगळ्यांत लहान. आपण म्हाताऱ्यांच्या ताटाबद्दल जेवढं बोलतो तेवढं त्यांच्या झोपेबद्दल आणि सोबतीबद्दल बोलत नाही, म्हणून हे लक्षात घ्यावंसं वाटतं. अर्थात ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याची झोप आणि हालचाल बिघडतेच, त्यामुळे अशा अभ्यासातून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पुरतं सुटं करता येत नाही.

म्हणून मला गोव्यातलं काम जास्त मोलाचं वाटतं. तिथे 'संगाथ' या संस्थेने, डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साठीपुढच्या 181 जणांबरोबर प्रत्यक्ष प्रयोग केला. या लोकांना पूर्ण नैराश्य नव्हतं, पण सुरुवातीची लक्षणं होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक गेले. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी चार कामं केली: अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, झोपेची शिस्त लावून दिली, मधुमेहासारखी दुखणी स्वतः कशी सांभाळायची ते सांगितलं, आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात शंभरातल्या 14 जणांना नैराश्याचा आजार जडला. समुपदेशक भेटलेल्या गटात हेच प्रमाण शंभरात 4 होतं. 2019 साली हे निष्कर्ष छापून आले.

या चार कामांतलं एकही असं नाही जे बीडच्या खेड्यात होणार नाही. गावात आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बचत गटाच्या बायका आहेत, शिकून घरी बसलेली पोरं-पोरी आहेत.

अडचण सोडवणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आजीच्या डोक्यात एकाच वेळी दहा काळज्या असतात: उचल फिटेल का, नातू शाळा चुकवतो, पगार बंद पडलाय, गुडघा दुखतो. पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे दरमहा मिळणारे पैसे. दहाही काळज्या एकदम धरल्या की हातपाय गळतात. त्यांतली हातात येण्यासारखी एकच निवडायची. पगार बंद पडला असेल तर बँकेत आधार जोडलेलं आहे का हे पाहायला कुणाबरोबर आणि कोणत्या दिवशी जायचं, एवढंच ठरवायचं आणि ते करून यायचं. ते झालं की पुढची. उचल फिटण्याची काळजी तिच्या हातातली नाही, ती मुलाने फोनवर खरी माहिती देऊन हलकी करायची. लपवलेल्या कर्जाने म्हातारी माणसं जास्त झुरतात.

रात्र आणि दिवस

झोपेबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे चूक जवळजवळ प्रत्येक घरात आहे. गावाकडे आबा रात्री आठला अंथरुणावर पडतात आणि पहाटे अडीचला जागे होतात. मग पाचपर्यंत अंधारात पडून विचार करत राहतात, आणि सकाळी सांगतात की झोपच येत नाही. खरं तर साडेसहा तासांची झोप झालेली असते, आणि त्या वयाला ती बऱ्यापैकी पुरते. त्रास होतो तो जागेपणी अंथरुणात पडून राहिल्याने. उपाय साधा आहे. रात्री साडेनऊ-दहापर्यंत जागं राहायचं, डोळे पेंगायला लागले तरच अंथरुणावर जायचं, आणि झोप कशीही लागली असो, उठायची वेळ रोज एकच ठेवायची. अर्ध्या रात्री जाग आली आणि पुन्हा डोळा लागेना, तर उठून बसायचं, माळ जपायची, रेडिओ हळू लावायचा, आणि पेंग आली की परत पडायचं. दुपारी पडायचं ते अर्धा तास, तेही तीनच्या आत. चारनंतर चहा नको. सकाळी बाज अंगणात उन्हात ओढायची, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं. पहिले काही दिवस जड जातात, पुढे फरक पडतो.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या या वयात घातक आहेत. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. मात्र कुणी त्या वर्षानुवर्षं घेत असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

आयुष्यभर रानात राबलेल्या माणसाला व्यायाम कर असं सांगायला संकोच वाटतो. पण राबणं थांबलं की पायांतली ताकद भराभर उतरते, आणि पडण्याच्या भीतीने माणूस घरात कोंडून घेतो. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. आपल्या हिशेबात बसवायचं तर सकाळी ऊन चढायच्या आत मारुतीच्या देवळापर्यंत किंवा शाळेपर्यंत जाऊन यायचं, मिळून वीस-पंचवीस मिनिटं. दाराची चौकट धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं, मग दुसऱ्या. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचं-बसायचं. गुडघा सुजलेला असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हे एकट्याने करण्यापेक्षा शेजारच्या कुणाबरोबर करावं, म्हणजे एकाने कंटाळा केला तर दुसरा दारात हाक मारतो.

नैराश्यात माणूस म्हणतो, 'मन लागलं की उठेन.' प्रत्यक्षात क्रम उलटा आहे: आधी उठावं लागतं, मग मन लागतं. म्हणून मनाची वाट न पाहता दिवसातली दोन-तीन कामं ठरवून द्या. कोंबड्यांना दाणे टाकणं, तुळशीला पाणी, नातीची वेणी किंवा नातवाचं दप्तर. काम छोटं असावं, पण खरं असावं. 'तू आता बस, काही करू नकोस' हे प्रेमाने म्हटलं जातं, तरी त्याने माणूस निकामी असल्याची भावना पक्की होते.

उलट टोकही दिसतं. तीन-चार नातवंडं, जनावरं, पाणी, स्वयंपाक, सगळं सत्तरीतल्या आजीच्या अंगावर पडतं. एका नातवाची सोबत औषधासारखी असते, चौघांचा भार तिला मोडतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शाळांमार्फत हंगामी वसतिगृहं चालतात, तिथे लेकरांच्या जेवणाची सोय होते. आपल्या शाळेत ते आहे का, हे निघण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून नाव घाला.

सोबतीसाठी आपल्या गावांकडे फार चांगल्या जागा तयार आहेत. कार्तिकातला काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, सप्ताह, पारावरची बैठक, मशिदीतली जमात, विहारातली वंदना. श्रद्धा असो-नसो, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं आणि चार ओळखीचे चेहरे दिसणं यालाच मोठं मोल आहे. गावातल्या जाणत्यांना माझी विनंती आहे: हरिपाठाला रोज येणारं माणूस दोन दिवस दिसलं नाही तर त्याच्या घरी जाऊन या. आणि विधवा बायकांना बोलवा. हळदीकुंकवापासून त्यांना आपण दूर ठेवतो, मग सगळ्याच समारंभांतून त्या आपोआप बाजूला होत जातात. ही रीत मोडायलाच हवी.

75 वर्षं पूर्ण केलेल्यांना 2022 पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना अर्धं तिकीट. लेकीकडे, बहिणीकडे, परळीला किंवा अंबाजोगाईला महिन्यातून एकदा जाऊन यायला यामुळे पैशांची अडचण उरत नाही.

उसाच्या फडावर गेलेल्या मुलांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी. गाडी भरण्याचा भरवसा नसतो हे खरं, तरी आठवड्यातले तीन दिवस पक्के करता येतात. 'बरी हायेस ना?' असं विचारलं की 'बरीय' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'माय, आज काय कालवण केलतं? कोण आलतं घरी? रातच्याला झोप लागली का?' आणि सल्ला मागा. शेळी कधी विकायची, हरभरा कधी काढायचा, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आहाराचं थोडक्यात. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो आणि चहात बुडवलेल्या बटर-टोस्टवर दिवस निघतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं वरण, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, ताक, मिळेल ती पालेभाजी, चालत असेल तर अंडं, एवढं रोज पोटात गेलं तर महागड्या पावडरींची गरज नाही. दोन एकट्या म्हाताऱ्यांनी एका चुलीवर जेवायला सुरुवात केली तर पोट आणि मन दोन्ही सांभाळली जातात. मिश्री आणि तंबाखूने तरतरी येते ती घटकाभर, पुढे झोप बिघडते. दारू तर नैराश्य वाढवतेच.

सवयी पुरेशा नसतील तेव्हा

आजार खोल गेला असेल तर चालणं आणि हरिपाठ पुरत नाहीत, आणि तसं सांगत राहणं हा त्या माणसावर अन्याय आहे. ताप डोक्यात गेलेल्याला आपण फिरून ये म्हणत नाही. नैराश्यावरची औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, या वयात कधी त्याहून जास्त. त्यांची सवय लागत नाही. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे महिने घ्यावी लागतात, मधेच सोडली तर आजार उलटतो. सुरुवातीच्या आठवड्यांत एकाएकी गोंधळल्यासारखं झालं किंवा फार अशक्तपणा आला तर लगेच दाखवा, रक्तातलं मीठ कमी झालेलं असू शकतं. आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.

दाखवायला दूर जावं लागत नाही. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि अंबाजोगाईजवळच लोखंडी सावरगावला वृद्धांच्या आणि मानसिक आजारांसाठी शासकीय केंद्र उभारलेलं आहे. पहिली विचारपूस प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे केली तरी चालेल.

जगण्यात अर्थ नाही, देवाने उचलावं, असं कुणी वारंवार बोलत असेल, जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल, जेवण सोडलं असेल, तर ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, 'जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनातलं बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. तोडीला निघताना उरलेले डबे कुलपात बंद करून किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या.

दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा आणि म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही भरून ठेवा. 14416 ही केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा, दिवसरात्र चालू असते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची 'एल्डर लाइन', सकाळी 8 ते रात्री 8, पेन्शनपासून घरातल्या छळापर्यंत कशाबद्दलही. फडावर असलेल्या मुलानेही आईच्या वतीने या नंबरांवर फोन केला तर चालतो.